माझ्या घशात अडकलेला 'स'

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. लिंबाच्या झाडाला बांधलेला, पत्र्याचा. तोंड मोठं, अक्कल तेवढी नाही. माझ्यामुळे एका मुलीचा हात मोडला. ते सांगितल्याशिवाय मला गंजूनही जायचं नाही.

कळंबजवळच्या एका वाडीतल्या तालमीने मला बारा वर्षांपूर्वी बारामतीच्या बाजारातून आणलं. जत्रेतल्या कुस्त्या मी पुकारायचो. हरवलेली शेळी, पाण्याची पाळी, पोलिओचा डोस, सगळं गावाला माझ्याच तोंडून कळायचं. "आवाज म्हंजी आवाज हाय गड्या!" असं तालमीचे वस्ताद दत्तोबा म्हणायचे आणि मी फुगायचो. पण मला एकदा पुसावं, असं बारा वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही. गेल्या वर्षी कुंभारमाशीने माझ्या घशात मातीचं घर बांधलं आणि माझा 'स' गेला. 'स' आणि 'श' म्हणजे दातांमागून सुटलेली फुंकर. ती फुंकरच मातीत अडली.

खरं तर नाव पुकारतानाच कळायला हवं होतं. यंदाच्या जत्रेत दत्तोबांनी माईकवर 'सृष्टी' असं नाव पुकारलं आणि माझ्यातून 'रुटी' बाहेर पडलं. पोरं "रुटी, रुटी" करून हसली. सृष्टीही हसली. मान वर करून माझ्या घशात मात्र कुणी पाहिलं नाही.

सृष्टी पंधरा वर्षांची, दत्तोबांच्या तालमीतली सगळ्यात तयार मुलगी. समोर नरसिंहपूरची छकुली, तिच्याच वयाची. दोघी मातीत भिडल्या त्या इरेला पेटूनच. छकुलीचं डोकं लागून सृष्टीच्या नाकातून रक्त आलं. सृष्टीने तिला उचलून आपटलं, पालथं पाडलं आणि तिचा उजवा हात पाठीवर पिळला. हलगी कडकडत होती. छकुली किंचाळत होती आणि तिच्या तोंडात माती जात होती. पंच दत्तोबाच होते, मैदानाच्या कडेला माईकपाशी. ते माईकवर ओरडले, "सृष्टे, हात सोड! सोड!"

माझ्यातून गेलं, "हात ओड! ओड!"

आमच्या भागात 'ओढ'ला 'ओड'च म्हणतात. शेवटच्या 'ढ'वर जोर द्यायची कुणाला सवय नाही. सृष्टीने वस्तादाचा हुकूम मानला आणि सगळा जोर लावून तो हात ओढला. हाड मोडल्याचा आवाज कर्ण्याशिवायच सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

मग काय विचारता! छकुलीचे चुलते काठ्या घेऊन कुस्तीच्या हौदात उतरले. दोन गावं एकमेकांवर तुटून पडली. डोकी फुटली, दगड उडाले. एक मलाही लागला, त्याचा पोचा अजून आहे. त्या गर्दीतून दत्तोबा आले आणि त्यांनी सृष्टीच्या थोबाडीत मारली.

"सोड म्हणलं तर हात मोडतीस? कसाई हायस का?"

"तुमीच 'ओड' म्हणला, आबा!"

"वर खोटं बोलतीस?" दुसरी थप्पड बसली आणि तिचा ओठ फुटला. "पुन्हा तालमीत पाय ठेवायचा न्हाय!"

मी तिच्या डोक्यावरच लटकत होतो. खरं काय ते मला माहीत होतं. पण मला स्वतःचं बोलणं कुठे आहे? दुसऱ्याने बोलावं, मी ओरडावं. मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

आठ दिवस सृष्टी घराबाहेर पडली नाही. शाळेतल्या प्राचीबाई तिला भेटून आल्या. 'रुटी'वर पोरं हसली होती, ते बाईंच्या ध्यानात होतं. त्यांनी मुलांना पाट्या देऊन लिंबाखाली बसवलं, दत्तोबांनाही बसवलं, आणि स्वतः माईक घेऊन तालमीत शिरून दार लावून घेतलं. मी एकेक शब्द ओरडलो. मोड. गोड. तिसरा शब्द झाल्यावर बाई बाहेर आल्या.

"आबा, तिसरा शब्द कोणता?"

"ओड म्हणला की."

"नाही आबा. 'सोड' म्हटलं मी."

सगळ्या पाट्यांवर 'ओड'च होतं. बाई मुलांना म्हणाल्या, "'ओढ'चा 'ओड' झाला तरी आपलं अडत नाही, अर्थ तोच राहतो. पण 'सोड'चा 'स' गेला की अर्थच उलटा होतो. सगळे आवाज सारखे नसतात. काही बदलले तरी चालतात, काही बदलले की शब्दच दुसरा होतो."

दत्तोबा उठले. सत्तरीचा माणूस शिडी लावून वर चढला, बोट घालून माझ्या घशातली माती उकरून काढली आणि खाली उतरून माईक हातात घेतला. "सृष्टी खरं बोलली व्हती. चूक माजी हाय." तिचं नाव माझ्या तोंडून यंदा पहिल्यांदाच अख्खं गेलं. वाडीच्या टोकाला तिच्या घराचं दार उघडलेलं मी पाहिलं.

सृष्टी तालमीत परत आली. पण छकुलीचा हात कोपरातून सरळ होत नाही आणि सृष्टी आता कुणाचाच हात पुरता पिळत नाही. कुणी 'सोड' म्हणायच्या आधीच सोडते आणि हरते. तिची हार मी स्वच्छ आवाजात पुकारतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. माझ्यासारख्याचा घसा वेळेवर साफ करा. आणि कुणी "मला असंच ऐकू आलं" असं रडून सांगितलं, तर हात उगारण्याआधी एकदा वर, माझ्याकडे बघा.