कमलबाईंच्या कपाळामागचा पहारा

मी एक जुनी पांढरी पेशी आहे, मित्रांनो. धरणगावच्या कमलबाईंच्या चेहऱ्याच्या नसेची कवटीच्या तळाशी गाठ आहे, तिथे माझा पहारा असतो.

माझा जन्म हाडाच्या मगजातला, शिक्षण छातीतल्या एका ग्रंथीत. घरच्यांवरच धावून जाणाऱ्यांना त्या शाळेत नापास करतात. नापास झालेले पुन्हा दिसत नाहीत.

लहानपणी कमलबाईंना कांजण्या आल्या. घरच्यांनी दाराला कडुनिंब बांधला, देवीला नैवेद्य दाखवला; आत आम्ही विषाणूशी लढलो. श्रेय देवीला गेले, आमची तक्रार नाही. पण विषाणू पुरता गेलाच नाही. नसेच्या गाठीत शिरून झोपला. नसच मारली तर चेहरा बधिर व्हायचा, म्हणून तो उठला की आम्ही दाबत राहिलो. बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

मग वय झाले, त्यांचे आणि आमचेही. सोबती विरळ झाले. यंदा ऐन कापूस वेचणीत तो विषाणू पुन्हा उठला. अर्ध्या कपाळाची आग झाली, फोड आले, एक नाकाच्या शेंड्यावरही आला.

यजमान धनसिंग त्यांना नागीण उतरवणाऱ्या सुपडूआबांकडे घेऊन गेले. आबांनी फोडांभोवती गेरूचे कुंपण काढले.

"नागीन शे. तोंड-शेपूट भिडाले नको. मंगयवारले परत या."

विषाणूला रंग दिसत नाही. तो आतून, नसेनसेने डोळ्याकडे निघाला होता. मी मदत बोलावत होते. ती येत होती, पण पुरत नव्हती.

सून दिपमालाने पापणी उचलून पाहिली. "आत्याबाई, डोया लाल व्हई गया. चला दवाखानामा."

"मंगयवार ते येऊ दे," धनसिंग म्हणाले. "आबा काय म्हनतीन?"

"आबाना दोन्ही डोया धड शेतस. आत्याबाईना काय?"

धनसिंगांनी चपला घातल्या.

जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी विषाणूची पिल्लावळ थांबवली, उरलेले आम्ही निस्तरले. डोळा वाचला. दिसते थोडे धूसर, आणि कपाळ अजून ठणकते.

मंगळवारी कमलबाई आबांकडे गेल्याच. "आबा, पुढला मानूसले आधी दवाखानामा धाडा. गेरू मंग लावा."

विषाणू पुन्हा झोपला आहे. मी जागी आहे, पण म्हातारी आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या कुणाच्या कपाळावर अशी आग उठली, तर वाराची वाट पाहू नका. आतला पहारा तेव्हा एकटा पडलेला असतो.