नको तो फाटा

चष्मेवाल्याचा लोकांवरचा राग काही आजचा नव्हता. गिऱ्हाईक अक्षरांच्या तक्त्यासमोर बसतं, शेवटची ओळ दिसत नाहीये हे उघड असतं, तरी अंदाजाने काहीतरी ठोकून देतं आणि वर विचारतं, "बरोबर ना?" अरे, ही काय परीक्षा आहे? दिसत नाही तर दिसत नाही म्हणा की! पण नाही. तेवढं कबूल करायला माणसाच्या जिवावर येतं. हे सगळं तो बायकोला जेवताना दर दोन दिवसांनी ऐकवायचा. बायको म्हणायची, "खरंय. भाजी वाढू?"

दुकान दोघांचं. तो डोळे तपासायचा आणि काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, ती काउंटर सांभाळायची. काउंटरवर चष्म्याच्या दोऱ्यांचा एक स्टँड होता. सायकलवाला, पळणारा, उड्या मारणारा कुणीही आला की चष्मेवाला त्याच्या गळ्यात दोरी अडकवल्याशिवाय त्याला सोडायचा नाही. "चष्मा नाकावर राहतो हा तुमचा गैरसमज आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र दोरी लावायचा नाही. दोरी लावली की आपण म्हातारे दिसतो असं त्याचं मत होतं, आणि ते फक्त बायकोला माहीत होतं.

सुट्टीचा दिवस त्याचा एकट्याचा. पन्नाशी उलटल्यावर घेतलेली जाड टायरची सायकल काढायची आणि शहरामागच्या झाडीच्या डोंगरात शिरायचं. तिथे दोन वर्षं खपून त्याने एक वाट शोधली होती. शोधली म्हणजे काय, जोडली. लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटांचे तुकडे होते, मध्येच गायब होणारे. कुठे आडवं पडलेलं खोड करवतीने कापलं, कुठे पाण्याने वाट वाहून जाऊ नये म्हणून दगड लावले, एका वळणावर तर इतक्यांदा आपटला की शेवटी ते वळणच बदललं. आता माथ्यावरून निघालं की थेट खालच्या ओढ्यापर्यंत मोकळी धाव. चाकाखाली वाळकी पानं वाजत राहायची, म्हणून त्याने वाटेचं नाव ठेवलं 'सळसळ'. सुताराकडून एक फळी तासून आणली, पांढऱ्या रंगाने तिच्यावर स्वतःच्या हाताने ते नाव रंगवलं, आणि फळी मागच्या खोलीत, काच घासायच्या मशीनच्या आडोशाला उभी करून ठेवली. माथ्यावरच्या मोठ्या झाडाला ती लागावी, एवढीच त्याची इच्छा. आपल्या हातून एक तरी गोष्ट धड व्हावी आणि तिच्यावर आपण ठेवलेलं नाव असावं, यात काय चुकलं? दुकानाच्या पाटीवर तर सासऱ्यांचं नाव होतं.

फळीचं घोडं अडलं होतं वनरक्षक बाईंपाशी. बाई बोलायला सरळ, पण शब्दाला पक्क्या. त्या म्हणाल्या होत्या, "सायकली चालू द्या, माझी हरकत नाही. पाटीचं हा हंगाम नीट गेला की बघू. पण मधल्या मोठ्या खडकाच्या डावीकडे जो उतार आहे ना, तिथे आम्ही रोपं लावलीत. तिकडे चाक गेलं तर अख्खा डोंगर सायकलींना बंद. वरच्या साहेबांना मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. तुम्ही स्वतःसुद्धा तिकडे पाऊल टाकायचं नाही." चष्मेवाल्याने मान डोलावून कबूल केलं.

आता वाट टिकायची तर ती वाहती हवी. एकट्याच्या चाकांनी किती दाबली जाणार? एक पावसाळा गेला की झुडपं पुन्हा डोकं वर काढणार. म्हणून त्याने ठरवलं, वाट ॲपवर टाकायची. सायकलवाल्यांचं ते ॲप म्हणजे सोपं काम: फोन खिशात ठेवून उतरायचं, तुम्ही जाल तिथे फोन रेघ काढतो, आणि खाली आलात की ती रेघ सगळ्यांना देऊन टाकायची.

त्या दिवशी फोन खिशात, रेघ चालू, आणि मधल्या खडकाशी एक फांदी अशी सपकन तोंडावर बसली की चष्मा गेला. नुसता गेला नाही, डावीकडच्या उतारावरून घरंगळत गेल्याचा आवाज आला. चष्मेवाल्याचा नंबर प्लसचा आणि चांगला दणदणीत. चष्म्याशिवाय लांबचं सगळं धूसर, आणि जवळचं तर नुसता चिखल. त्याने सायकल खडकाला टेकवली आणि गेला की हो खाली! रोपांमधून, हाताने चाचपडत, ओणवा, पार खालच्या दगडी बांधापर्यंत. चष्मा काही मिळाला नाही. शिव्या घालत वर आला, सायकल हातात धरून उरलेली वाट चालत उतरला. खाली फोनने काहीतरी विचारलं. त्याला अक्षर दिसेना, पण हिरवं बटण कुठे असतं ते ठाऊक होतं. दाबलं. फोनने आणखी काही विचारलं. परत दाबलं. तक्त्यासमोरचं गिऱ्हाईक तरी याहून काय वेगळं करतं?

घरी येऊन बायकोला म्हणाला, "फ्रेम तुटली. जुनीच झाली होती." बोलता बोलता दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानातला जादा चष्मा लावून त्याने ॲप उघडलं आणि कपाळावर हात मारला. सळसळ झकास उतरली होती, पण खडकापाशी तिला डावीकडे एक शेपूट फुटलं होतं. थेट रोपांतून बांधापर्यंत, आणि परत. आणि तेवढ्यात काही उत्साही मंडळी त्यावरून जाऊनही आली होती!

मग सुरू झाला डोक्याला ताप. ॲपचा नियम असा की एकदा वाटेवरून दुसरं कुणी गेलं की रेघ दुरुस्त करता येत नाही, फक्त सगळीच पुसता येते. त्याने नवी, बरोबर रेघ टाकली. ॲप म्हणालं, ही वाट आधीच आहे, आणि काढून टाकली. तक्रार केली तर उत्तर आलं, "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." मोलाचं आहे तर ऐका ना मग! शेवटी त्याने वाटेखाली लिहिलं, "खडकापासून डावीकडे जाऊ नये. तांत्रिक बिघाड." त्याखाली कुणीतरी लगेच लिहिलं, "डावीकडचा फाटा अजिबात चुकवू नका. शेवटी काय आहे ते सांगणार नाही, स्वतः बघा!" आणि त्याखाली आणखी पंधराजणांचं हसू.

शेवटी काय आहे? शेवटी बांध आहे! दगडी, शेवाळलेला, कुणी ढुंकून बघणार नाही असा. चष्मेवाल्याला कळेना, लोकांची डोकी फिरलीत की काय.

"पुसून टाका ना सगळंच," बायको म्हणाली.

"पुसू? अगं, केवढ्या लोकांना आवडलीय, बघ तरी!"

"मग खरं काय झालं ते लिहा. चष्मा पडला, शोधायला गेलो. संपलं."

"फ्रेम तुटली होती," तो म्हणाला, आणि उठून मागच्या खोलीत गेला.

लिहिणार कसा? रोपांत आपण स्वतः उतरलो होतो हे बाईंना कळलं असतं. आणि गावभर दोऱ्या विकणाऱ्याचाच चष्मा पडला, हे सायकलवाल्या गिऱ्हाइकांना. त्यापेक्षा त्याने कोयता उचलला. दुकान उघडायच्या आधी डोंगरात जायचं, काटेरी फांद्या तोडायच्या आणि फाट्याच्या तोंडावर रचायच्या. लोक त्या बाजूला सारून जायचे. हा परत रचायचा. ॲपवर बोंब झाली की कुणीतरी माथेफिरू म्हातारा चांगल्या वाटेवर काटे टाकतोय. त्याचं बारसंही झालं, 'काटेवाला'.

एकदा एक दातांची डॉक्टर दुकानात आली. चष्म्याची दांडी वाकलेली. "सळसळवर पडले, काका. तो काटेवाला एकदा सापडू दे, त्याचे सगळे दात फुकट काढून देते."

चष्मेवाल्याने दांडीचा स्क्रू इतका आवळला की परत सैल करावा लागला. "दोरी लावा," तो म्हणाला. "चष्मा नाकावर राहतो हा तुमचा गैरसमज आहे." तिने दोरी घेतली. बायको पैसे घेताना खाली बघून हसत होती.

आणि मग वनरक्षक बाई आल्या. चष्म्यासाठी नाही.

"डावीकडच्या उतारावर चाकं फिरतायत," बाई म्हणाल्या. "काय चाललंय?"

"मी रोज काटे टाकतो, बाई. नाकात दम आणलाय या लोकांनी. ऐकतच नाहीत."

"पण तिकडे जातात कशाला? आधी तर कुणी जात नव्हतं."

हीच वेळ होती. बायको काउंटरमागे फडक्याने एकच काच पुसत उभी राहिली.

"काय माहीत," चष्मेवाला म्हणाला.

"रविवारी मी स्वतः येते बघायला," बाई म्हणाल्या आणि गेल्या. बायकोने फडकं घडी करून ठेवलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

रविवारी उजाडताच तो खडकाशी जाऊन उभा राहिला. वरून आठ-दहा सायकली आल्या. पुढे तीच दातांची डॉक्टर.

"डावीकडे जायचं नाही!" त्याने हात आडवे केले.

"काका, तुम्ही? तुम्ही काटेवाले?"

"मी काटेवाला नाही! म्हणजे आहे. पण ही वाट मी केलीय. मी! आणि मी सांगतोय, हा फाटा चुकीचा आहे."

"तुम्ही केलीत तर मग फाटा कुणी टाकला?" मागून एकजण म्हणाला. सगळे हसले. दोघांनी तोवर फांद्या उचलून बाजूला केल्याही, आणि बाकीचे त्याच्या हाताखालून, शेजारून, "सॉरी काका, एकच मिनिट काका" करत खाली गेले. चष्मेवाला तिथेच पाय आपटत उभा राहिला. मग त्याचा संयम सुटला आणि तोही मागोमाग उतरला.

खाली बांधापाशी घोळका होता. एका रोपाला आधार म्हणून रोवलेल्या काठीवर एक चष्मा अडकवला होता. एकेकजण तो डोळ्यांना लावून तोंड वेडंवाकडं करत फोटो काढत होता. "बापरे, काय नंबर आहे! गरगरलं मला!"

"वाट करणाऱ्याने मुद्दाम ठेवलाय," डॉक्टर त्याला समजावत म्हणाली. "हेच तर सरप्राइज. पहिल्यांदा आला तो म्हणाला, इथे दगडांत ठेवलेला होता. इथपर्यंत येणाऱ्याला बक्षीस म्हणून."

"तो माझा चष्मा आहे," चष्मेवाला म्हणाला.

"सगळ्यांचाच आहे, काका."

"अहो, माझा आहे! पडला होता माझ्या नाकावरून! मी शोधायला आलो होतो, फोन खिशात राहिला, आणि मला काही दिसत नव्हतं! दिसत नव्हतं मला, कळलं?"

मग डॉक्टरने गळ्यातली दोरी दोन बोटांनी धरून वर केली. "काका... ही तुम्हीच विकलीत ना मला?"

जे हसू फुटलं ते फुटलं. सायकलींवर डोकी टेकून हसत होते लोक. चष्मेवाल्याने रागारागाने काठीवरचा चष्मा ओढून घेतला, दुसरा काढून तो नाकावर चढवला आणि त्यांना चांगलं सुनवायला म्हणून वळला.

समोर उतार होता. त्याने तो आजवर धड पाहिलाच नव्हता. त्या दिवशी पाहिला तो चाचपडत, आणि नंतर रोज आला तो फक्त वर काटे टाकायला. आता एकेक काठी स्वच्छ दिसत होती. वरपासून खालपर्यंत चाकांचा पट्टा पडला होता, दगडासारखा घट्ट झालेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रोपं मातीत चेपलेली. काही ठिकाणी नुसत्याच काठ्या उभ्या होत्या. त्याला रडूच आलं. त्याच्या तोंडाकडे बघून हसणारेही मागे वळले, आणि मग कुणी हसलं नाही.

वर खडकाशी बाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

चष्मेवाला धापा टाकत वर गेला. त्याने फोन काढला, वाट उघडली, पुसण्याचं बटण शोधलं. फोनने विचारलं, ही वाट कायमची जाईल, नक्की ना? या वेळी त्याने प्रत्येक अक्षर वाचलं आणि मग दाबलं. फोन बाईंसमोर धरला. "गेली, बाई. पहिलं पाऊल तिथे माझंच पडलं होतं. त्या दिवशी दुकानातच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि मग खाली उताराकडे. "ही पुसलीत. ती कशी पुसणार?"

त्याने फोन खिशात टाकला. "डोंगर बंद?" त्याने विचारलं.

"रोपं कमरेएवढी होईपर्यंत. आणि पट्टा खणून माती मोकळी करावी लागेल, तुम्ही आणि ही सगळी मंडळी. पण आधी वर पाटी लागायला हवी. आमच्याकडे आत्ता फळी नाहीये."

संध्याकाळी तो आणि बायको माथ्यावर गेले. बायकोने फळी झाडाच्या खोडाला दाबून धरली. कोऱ्या बाजूवर त्याने दुपारीच लिहिलं होतं, 'सायकलींना बंद', त्याच पांढऱ्या रंगाने, त्याच वळणदार अक्षरात. रंग अजून थोडा ओला होता.

"सरळ आहे का बघा," ती म्हणाली.

तो चार पावलं मागे गेला आणि बघत राहिला. नावाची बाजू खोडाकडे होती.

"सरळ आहे," तो म्हणाला, आणि खिळे ठोकायला पुढे आला.