आईच्या लायसन्सवर नसलेली खूण

शाळेच्या पार्किंगमध्ये त्या शनिवारी पोलिसांनी मार्नाला नऊ वेळा अडवलं आणि नऊही वेळा ती कुठं चुकली नाही. ऑटिझम असलेल्या चालकांसाठी हा सराव पोलिसांनीच ठेवला होता. काच खाली, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. मग म्हणायचं, "लायसन्स पर्समध्ये आहे, काढू का?" लायसन्सवर ऑटिझमची खूण होती, ती पोलिसानं वाचायची. झालं.

तिची आई डोरीन नऊही वेळा कुंपणाशी उभी राहून नखं खात होती. सोमवारपासून मार्नाची रोपवाटिकेतली नोकरी सुरू होणार होती. घरापासून एकोणीस मैल, आणि त्या बाजूला बस औषधालाही नाही. गाडीची किल्ली एकच, आणि गाडी थांबली रे थांबली की आई ती मागून घ्यायची.

"सराव ठीक आहे गं," परतताना डोरीन म्हणाली. तिच्या मांडीवर उरलेल्या हॉटडिशचा, म्हणजे बटाटे घालून भट्टीत भाजलेल्या जेवणाचा, ट्रे होता, फॉइलनं झाकलेला. "पण ते ओळखीचे पोलीस. खराखुरा पोलीस आला तर तू काय करशील, या विचारानंच माझा जीव टांगणीला लागतो. हळू घे. अजून हळू."

"पंचावन्नचा रस्ता आहे, आई."

"हळू म्हणते ना!"

मार्ना पंचवीसवर आली. एक ट्रॅक्टर त्यांना मागं टाकून गेला, वर चालकानं हातही हलवला. पाठोपाठ आरशात लाल-निळे दिवे लागले.

मार्नानं गाडी कडेला घेतली. हात सवयीनं कामाला लागले. काच, इंजिन, स्टिअरिंग. "लायसन्स पर्समध्ये आहे, काढू का?"

पोलीस कोवळा होता, छातीवरच्या पट्टीवर हागेन असं नाव. लायसन्सवरची खूण दिसली आणि त्याचा चेहराच पडला. त्यानं खिशातून अशा चालकांशी कसं बोलायचं त्या सूचनांचं कार्ड काढलं आणि वाचू लागला.

"तुम्ही. सुरक्षित. आहात."

"तुम्हीही," मार्ना म्हणाली.

"अहो, बहिरी नाहीये ती!" डोरीन कडाडली. "थांबा, विम्याचे कागद दाखवते!" तिनं समोरचा खण उघडला. त्यातून दोनेकशे पेपर नॅपकिन पायाशी पडले, कागद काही सापडेनात. मग ती ट्रेसकट दार उघडून बाहेरच पडली.

"मॅडम, हातातलं खाली ठेवा!"

"खाली? धुळीत? चार माणसांचं जेवण आहे हे!"

"खाली ठेवा!"

"जेवलायस का रे तू? किती वाळलायस!" असं म्हणत डोरीन ट्रे पुढं करून त्याच्याकडे दोन पावलं गेली.

हागेनचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. मार्नाला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. आई मरणार होती, आणि तेही बटाट्यांपायी. दुसऱ्या माणसासाठी काय करायचं ते सरावात कुणी शिकवलं नव्हतं. स्टिअरिंगवरचे हात न हलवता ती सरावातल्याच आवाजात म्हणाली, "सर, माझ्या आईबद्दल सांगू का?"

"लवकर सांगा!"

"घाबरली की ती मोठ्यानं बोलते. विचारलेल्याचं उत्तर देत नाही. अचानक हालचाली करते. तो हल्ला नसतो. एका वेळी एकच सूचना द्या. आणि खायला नाही म्हणू नका."

हागेननं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "यांच्या लायसन्सवर खूण आहे?"

"नाही. असल्या माणसांसाठी अजून खूण निघालेली नाही."

हागेन डोरीनकडे वळला. "मॅडम. ट्रे. टपावर. ठेवा."

डोरीननं ठेवला.

"छान. आता. श्वास. घ्या."

तिनं घेतला. त्या दिवसात तिनं पहिल्यांदाच कुणाचं ऐकलं. हागेनचा हात कमरेवरून निघाला आणि, नाही म्हणायचं नव्हतं म्हणून, त्याला उभ्या उभ्या दोन चमचे हॉटडिशही खावी लागली.

"गाडी तुम्हीच चालवा," तो मार्नाला म्हणाला, "आणि पंचावन्ननं. यांना मात्र मध्ये कुठं उतरू देऊ नका."

पुढचे दोन मैल डोरीन पायाशी पडलेले नॅपकिन गोळा करत होती. मग म्हणाली, "मेलेच असते गं मी."

"हो," मार्ना म्हणाली. मनात एक आणि ओठांवर दुसरं, हे तिला कधी जमलंच नाही. "पुढच्या शनिवारी पुन्हा सराव आहे. तुझं नाव घालू?"

दारात गाडी थांबली. मार्नानं नेहमीसारखी किल्ली काढून आईपुढं धरली. डोरीननं त्या किल्लीवर लेकीची बोटं मिटवली.

"घाल," ती म्हणाली.