स्वच्छ भुसा

लेक बोदिलला बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचवून आस्गर परतला, तो तसाच चिखलाच्या बुटांनी कोंबडीच्या पिल्लांच्या शेडकडे वळला. पश्चिमेचा ओला वारा पत्रे हादरवत होता. दारात बूट बदलून तो आत शिरला. लेकीनं एकटीच्या हिमतीवर आणलेली ही पहिलीच खेप, अजून पिवळी, उबेला दाटून बसलेली. गिरणीतून आलेला खुराक त्यानं मुठीत धरून हुंगला, नाक मुरडलं आणि गव्हाची कोठी उघडली.

"आबा, पिल्लं ल्हान हाईत तवर गहू घालायचा न्हाई," जाताना तिनं बजावलं होतं.

इकडे युटलंडच्या मुलखात घरचा गहू घरच्याच कोंबड्यांना घालतात, पण पिल्लं जरा थोराड झाल्यावर, चिमटी चिमटीनं. आस्गरला तेवढा धीर कुठला? यंदाचा गहू त्याच्या रानातला, टपोरा. त्यानं तो भरडला आणि खुराकात निम्मा कालवला. पिल्लं तुटून पडली, तसा गडी खूश झाला.

आठवडाभरानं शेजारचा एइनार आला. दारातच थबकला.

"आस्गर, पिसं कुठं गेली रं?"

"कसली पिसं?"

"आता लव गळाया पायजे. भुशावर पांढरं पांढरं दिसतं. तुझ्याकडं एक न्हाई."

"माझा भुसा स्वच्छ हाय, त्ये बी खुपतंय व्हय तुला?"

एइनार हसला नाही. कॉफीलाही थांबला नाही.

मग आस्गर उकिडवा बसून बघत राहिला. एका पिल्लानं दुसऱ्याच्या पाठीवरची लव उपटली आणि गिळली. पलीकडचंही तेच करत होतं. आस्गर तडक कोठीकडे गेला. भूक भागत नसेल, असं वाटून त्यानं गहू आणखी वाढवला. दोन दिवसांत शेपटांवर रक्त दिसू लागलं, आणि जिथं रक्त तिथं सगळ्या चोची. शेडमधली किलबिल मंदावत चालली होती, कोपऱ्यांत पिल्लं मरून पडू लागली होती.

बोदिल तान्ह्या लेकीला घेऊन आली. बाळ एइनारच्या बायकोकडे देऊन आधी शेडमध्ये गेली. तिनं एक पिल्लू उचललं, छाती चाचपली. नुसतं हाड हाताला लागलं.

"गहू घातलास."

"पोटभर खात हुती गं."

"तीच तर गोम हाय, आबा. गव्हात जोर हाय. जोर पुरला की पिल्लू खायचं थांबवतं. पर मांस आन् पिसं ज्यानं धरत्यात, ते गव्हात लई थोडं. मग एकमेकांची पिसं खात्यात." तिचा आवाज चढला नाही, त्याचीच आस्गरला भीती वाटली. "माझ्या लेकीला बी आजच राय धान्याचा काळा पाव चारशील का?"

"मी काय करू, सांग."

"मेलेली उचल."

तो बादली घेऊन वाकला. एकेक पिल्लू उचलताना गळ्याखालची पिशवी बोटांना लागत होती. प्रत्येकाची पिशवी टम्म भरलेली होती, त्याच्याच गव्हानं.