सासऱ्याच्या दोन रायफली

त्या शनिवारी गुरुनाथ देवपुजारीला फायदाच फायदा होता, तोटा कुठूनही दिसत नव्हता. सकाळभर साहेबाच्या बंदुका उडवायच्या, त्यातली बरी कुठली ते सांगायचं, आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या टीममध्ये डिसेंबरनंतर जी एकच खुर्ची उरणार होती, तिच्यावर बूड टेकवून बसायचं. खुर्ची राहिली की व्हिसा राहिला. व्हिसा राहिला की हर्नडनचं भाड्याचं घर, लेकीची, अनयाची, शाळा आणि कित्येक वर्षं रांगेत उभं असलेलं ग्रीन कार्ड, सगळं जागच्या जागी राहिलं. एवढ्याशा कामात एवढी मिळकत त्याला आजवर कुणी देऊ केली नव्हती. खरं तर तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

नेमबाजीच्या रेंजवरच्या लाकडी टेबलावर दोन्ही रायफली आडव्या ठेवल्या होत्या. दोन्ही लीव्हरवाल्या. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढून परत मिटायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि भरलेलं आत. एक जुनी, सडपातळ, दस्त्यावरचं पॉलिश हाताळून हाताळून उडालेलं. दुसरी जाड नळीची, हरणापेक्षा अस्वलाला शोभणारी. रायफली साहेबाच्या, म्हणजे ग्लेनच्या, सासऱ्याच्या. म्हातारा उन्हाळ्यात गेला. एक जावयाने घ्यायची, एक मेव्हण्याने, आणि निवड आधी जावयाची. पण जावयाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. शिकारीचा सीझन उघडेपर्यंत बंदूक खांद्याला लावायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

"माझ्याकडे दोन टेस्टर पगारावर आहेत," ग्लेन ऑफिसात म्हणाला होता, "मी कशाला खांदा घालवू?"

विनोद साहेबाचा होता, त्यामुळे सगळे हसले होते.

दोन टेस्टर म्हणजे गुरुनाथ आणि परीक्षित. परीक्षित पुण्याचा, वयाने लहान, कंपनीत मागून आलेला. पण फुटबॉलपासून मांस भाजण्यापर्यंत कशावरही ग्लेनशी तासभर बोलू शकायचा. गुरुनाथ नागपूरचा. त्याला बग सापडला की तो बोलायचा, एरवी त्याचं तोंड जेवायलाच उघडे. व्हिसा मात्र दोघांचा एकच.

ग्लेनचं आमंत्रण आल्यावर परीक्षितने नवीन जॅकेट घेतलं. गुरुनाथने सवयीप्रमाणे आधी नियम वाचायला घेतले आणि शिकारीच्या लायसनचा क्लास लावला. क्लास संपल्यावर मास्तरने त्याला बाजूला घेतलं. "व्हिसावर आहेस ना? मग लायसन हातात येईपर्यंत बंदुकीला बोट लावू नकोस. रेंजवरसुद्धा नाही. फेडरल गुन्हा आहे. तुमच्या लोकांना हे माहीतच नसतं."

त्या संध्याकाळी परीक्षितला सांगायला त्याने फोन उचलला होता. पण आदल्याच दिवशी एका खुर्चीची बातमी कानावर आली होती. फोन त्याने खाली ठेवला. तसा मनात काही काळंबेरं नव्हतं. शनिवारी सकाळी गाडीत सांगू, एवढंच त्याने ठरवलं. तोवर लायसन काढायला वेळ उरणार नाही. परीक्षित बाकावर बसून कॉफी पिईल आणि बंदुका आपण चालवू.

"म्हणजे तू त्याला वाचवणार, पण उशिरा," त्याची बायको शुभा पोळी लाटता लाटता म्हणाली होती.

"हो. वाचवणार तर आहेच ना?"

"अरे, ह्याला वाचवणं म्हणत असतील तर बघ बाबा."

आणि शनिवारी सकाळी परीक्षित गुरुनाथच्या गाडीत आलाच नाही. ग्लेनने त्याला वाटेत आपल्या पिकअपमध्ये घेतलं होतं.

गुरुनाथ पोचला तेव्हा परीक्षित ग्लेनला मोबाइलवर फोटो दाखवत होता. नेवाडात, गेल्या वर्षी. काळा गॉगल, हातात रायफल, दात सगळे बाहेर. ग्लेनने फोटो रेंज सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यालाही दाखवला. म्हातारा नारिंगी जॅकेट घालून मागे उभा होता.

"हा तीस वर्षं शेरीफकडे पोलीस होता," ग्लेनने ओळख करून दिली. "ह्याच्यासमोर नीट वागा."

 गुरुनाथच्या मनातला हिशोब जागच्या जागी उलटा फिरला. आता नियम मोठ्याने सांगावा, तर तो फोटो म्हणजे गुन्ह्याचा पुरावा, आणि तो नुकताच शेरीफच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेला. न सांगावा, तर दुसरा गुन्हा इथेच, सगळ्यांदेखत.

"परीक्षित, तू आधी," ग्लेन म्हणाला. "मोठी घे."

परीक्षितने हात पुढे केला.

"थांब," गुरुनाथ मराठीत म्हणाला. चेहरा हसरा ठेवून. "हात लावू नको बे."

"का?"

"आपण व्हिसावर आहोत. शिकारीच्या लायसनशिवाय बंदूक हातात घेणं फेडरल गुन्हा आहे. तो फोटो पण डिलीट कर."

परीक्षितही हसत होता, ग्लेनसाठी. "आणि तू?"

"माझ्याकडे लायसन आहे."

"वा, गुरुनाथराव! कधी काढलंत?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि मला आत्ता सांगतोयस? बंदूक टेबलावर आल्यावर?" परीक्षितचं हसू तसंच होतं, डोळे मात्र हसत नव्हते. "यार, खुर्ची हवीय तर सरळ माग ना. हे असलं घाबरवणं कशाला?"

 खरी गोष्ट गुरुनाथने इतकी उशिरा काढली होती, की ती खोटीसारखीच दिसत होती.

"काय चाललंय?" ग्लेनने विचारलं.

"आधी कोण, ह्यावरून भांडतोय," असं म्हणून गुरुनाथने मोठी रायफल स्वतःच उचलली. "मी सीनियर आहे."

ग्लेन खो खो हसला. गुरुनाथ बाकावर बसला, कानांवर मफ चढवले, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट धरला. मोठीचा चाप मात्र अप्रतिम होता. बोट टेकवलं, किंचित दाबलं आणि वाळकी काडी मोडावी तसा तो सुटला. पुढच्याच क्षणी कुणीतरी दार अंगावर लोटून द्यावं तसा दणका बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"हाऊ इज इट?"

"चाप सुंदर आहे," तो दम घेत म्हणाला.

मग जुनी. तिचा चाप जिवावर येई. ओढत जा, ओढत जा, मध्येच खरखर, आता सुटेल म्हणता म्हणता सुटायचा नाही, आणि सुटला की आपणच दचकायचो. धक्का मात्र कुणी ओळखीच्या माणसाने खांद्यावर थाप मारावी इतका.

"ओके. आता परीक्षित," ग्लेन म्हणाला.

"नाही," गुरुनाथ म्हणाला. जरा जोरातच. परीक्षितचा हात अर्ध्यावर थांबला. मागचा म्हातारा एक पाऊल पुढे आला. "ग्लेन, टेस्ट अर्धी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रायफल बदलतोय, मग माणूस तोच पाहिजे, खांदाही तोच. मध्येच हा आला तर कम्पॅरिझन गेलं. कचरा डेटा."

हे वाक्य ग्लेनचंच होतं. दर सोमवारी मीटिंगमध्ये तो हेच ऐकवायचा. त्याला मान डोलवावीच लागली.

सासऱ्याची उरलेली काडतुसं दोन खोक्यांत होती. ती संपली की प्रश्न संपला. गुरुनाथ आलटून पालटून उडवत राहिला. मोठी, जुनी, मोठी. लीव्हर खाली, वर. पितळी नळकांडी पायाशी टणटणत पडायची. खांदा आधी दुखला, मग जळला, मग परक्याचा असल्यासारखा वाटू लागला. दणका बसायच्या आधीच त्याचे डोळे मिटायला लागले, बोट चाप दाबायचं सोडून हिसडायला लागलं, गोळ्या कागदाच्या बाहेर मातीत जाऊ लागल्या. पाठीमागे ग्लेन आणि परीक्षित कॉफी घेत गप्पा मारत होते. मफमधून शब्द कळत नव्हते, फक्त हसणं कळत होतं.

शेवटचं काडतूस मोठीचं होतं. ते उडालं तेव्हा तो बाकावरून जवळजवळ घसरलाच.

"संपली?" ग्लेनने खोकी हलवून पाहिली. "अरे, ह्याला काहीच ठेवलं नाहीस!"

"निदान फोटो तरी घेऊ दे," परीक्षित मोठीकडे वळला.

"रेंज बंद!" म्हातारा मागून ओरडला. "बंदुकीला कुणी हात लावायचा नाही." ह्या वाक्यासाठी गुरुनाथने त्याच्या पाया पडणंच बाकी ठेवलं.

"बोल, गुरू," ग्लेन म्हणाला. "कुठली?"

ग्लेनचा हात मोठीच्या पिशवीवर होता. त्याला काय ऐकायचं होतं, ते नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरालाही कळलं असतं. गुरुनाथलाही कळलं. पण टेस्ट त्याने केली होती, आणि रिझल्ट बदलणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

"मोठीचा चाप लाखात एक आहे. पण जुनी घ्या. तिचा चाप दुरुस्त करून मिळेल, मोठीचा धक्का कुणी कमी करून देणार नाही. तुमच्या टाक्यांना तो झेपायचा नाही."

ग्लेनचं तोंड लहान झालं. "परीक्षित, तू?"

"मोठीच," एकही गोळी न उडवता परीक्षित म्हणाला. "तिच्याकडे बघा तरी! तुम्हाला ती शोभते."

"ह्याला म्हणतात नजर," ग्लेन म्हणाला.

घरी शुभानेच त्याचा शर्ट काढला. गळ्यापासून दंडापर्यंत जांभळं-काळं पसरलं होतं. तिने बर्फ आणला. अनया दारात येऊन उभी राहिली. "बाबा, डिड समवन हिट यू?"

"मीच मारून घेतलं, बेटा."

"दॅट्स वीअर्ड," म्हणून ती गेली.

खुर्ची परीक्षितला मिळाली. ग्लेनने नोकरी संपल्याचं पत्र देताना गुरुनाथची पाठ थोपटली, उजवीकडूनच. नोव्हेंबरात सीझन उघडला. परीक्षितला बरोबर न्यायचं म्हणून ग्लेनने त्यालाही लायसनच्या क्लासला पिटाळलं. मग दोघं जंगलात गेले, ग्लेनने मोठी खांद्याला लावली आणि पहिल्याच गोळीला खांदा पुन्हा उसवला. जुनी घेऊन मेव्हण्याने त्याच आठवड्यात हरण पाडलं.

क्लास नोव्हेंबरातच झाला होता, पण गुरुनाथच्या दारात यायला परीक्षितला डिसेंबर उजाडला. घर अर्धं खोक्यांत होतं. नागपूरची तिकिटं काढून झाली होती. तो तेच नवीन जॅकेट घालून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"क्लासला गेलो होतो," तो म्हणाला.

"हं. मग? कुंपण ओलांडताना आधी बंदूक पलीकडे ठेवायची की आधी आपण जायचं?"

"आधी बंदूक. रिकामी करून."

"पास झालास."

परीक्षित हसला नाही. "मास्तरने मला पण बाजूला घेतलं. ते ऐकल्यावर..." त्याने जॅकेटची चेन वर-खाली केली. "तू मला आधी का नाही सांगितलंस रे?"

"खुर्ची हवी होती ना," गुरुनाथ म्हणाला.

 आतून शुभा पुस्तकांचं खोकं फरशीवरून ढकलत दारापर्यंत घेऊन आली. परीक्षितला पाहून क्षणभर थांबली. मग खोकं त्याच्या पायांशी सरकवलं.

"बरा आलास. हे खाली गाडीपर्यंत न्यायचंय. ह्याला अजून उचलवत नाही."

परीक्षित वाकला, खोकं उचलून डाव्या खांद्यावर घ्यायला लागला. ते कलंडलं.

"उजव्यावर घे," शुभा म्हणाली. "तुझा शाबूत आहे."