सतरा मिनिटं पुढे

अनुसूयाबाई जिवंत आहेत, हे पाच वाजायच्या आत सिद्ध व्हायला हवं होतं. नाहीतर पेन्शन बंद. महिनाभर त्या लेकीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, आणि आज हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख.

बोर्ली पंचतनच्या सेवा केंद्रात विहंग एकटाच होता. बाईंनी त्याला चौथीत भागाकार शिकवलेला. त्यांनी पाचव्यांदा अंगठा टेकवला. पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं : हँडशेक फेल.

"अरे, हस्तांदोलनच हवंय तर मी अख्खा हात देते की!"

"तुमचं नाही बाई, मशीनचं आणि सर्व्हरचं जमत नाहीये."

विहंगनं वायर उपटून परत खोचली. मशीनवर फुंकर मारली. मग हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, तुमच्याकडे किती वाजलेत?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"कॉम्प्युटरवर चार पन्नास."

"आमच्याकडे चार तेहतीस. वेळ जुळल्याशिवाय सर्व्हर ओळख देत नाही."

विहंगच्या डोक्यात प्रकाश पडला, पण उपयोगाचा नव्हता. केंद्राचे मालक दादा. काल त्यांची माणगावची एसटी चुकली, म्हणून आज दुपारी त्यांनी घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासारखं कॉम्प्युटरचंही घड्याळ सतरा मिनिटं पुढे केलं होतं. एसटी मिळाली. आता वेळ बदलायला पासवर्ड हवा, आणि तो दादांबरोबर घाटात गेलेला.

"श्रीवर्धनच्या केंद्रात जाऊ?" बाई म्हणाल्या.

"पोचेस्तोवर साइट बंद होईल."

अकराव्या प्रयत्नाला दादांचा फोन लागला.

"दादा, पासवर्ड!"

"हॅलो?"

"पासवर्ड सांगा!"

"हॅलो? कोण? विहंग? मी एसटीत हाय रे!"

"दादा, पासवर्ड! बाई मरतायत!"

"अरे देवा! कोण बाई? डॉक्टरला बोलव आधी!" आणि रेंज गेली.

सर्व्हरच्या घड्याळात पाच वाजले. पडदा पांढरा झाला : मुदत संपली.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आता मयत म्हणून तरी दाखला मिळेल का? काहीतरी एक कागद असावा माणसाकडे."

"त्यालाही घरच्या कुणाचा तरी अंगठा लागतो, बाई."

"हं."

त्यांचा अंगठा अजून मशीनवरच होता.

"उचलू का रे?"



"असू दे, बाई," तो म्हणाला.