गजाचं वळण

स्पे नदीच्या काठावर एप्रिलचा उजेड जपून उतरत होता. स्वयंपाकघरात इशबेल सातव्यांदा तीच नाचाची चाल वाजवत होती, आणि खिडकीपाशी बसलेले तिचे वडील लॅखलन सातव्यांदा मान हलवत होते. चाळीस वर्षं गावच्या नाचाला त्यांचं फिडल, म्हणजे इथलं व्हायोलिन, साथीला होतं. हिवाळ्यात बर्फावरून घसरून उजवा खांदा निकामी झाला आणि उद्याचा नाच मुलीकडे आला. चाल त्यांच्याच हातून आल्यासारखी उमटावी, एवढंच तिला हवं होतं.

"आता काय चुकलं, बाबा?"

"चुकेल कशाला? इस्त्री केल्यासारखं वाजतंय."

"महिनाभर जुन्या वादकांच्या तबकड्या ऐकतेय मी!"

"आणि ग्लासगोत शिकलीस तसा गज गुपचूप वळवतेयस. पोरी, गजाची दिशा बदलते ते वळण इथं लपवायचं नसतं. त्या ठोक्यावरच पाय उचलतात माणसं."

"मग ऐकू तरी कुणाला?"

लॅखलननी डाव्या हातानं खणातून एक कॅसेट काढून लावली. खरखरीतून आठ वर्षांपूर्वी गेलेली इशबेलची आई ओटच्या भाकऱ्या थापता थापता गाऊ लागली. वाद्य नसेल तेव्हा नुसत्या अक्षरांवर नाच उभा करायची इथली रीत. आखूड अक्षर टोचायचं, लांब अक्षरानं त्याच्यावर रेलायचं.

"हिच्या तोंडाकडे बघून मी गज शिकलो. वर्षभर हसायची मला. म्हणायची, तुझा गज दारात पाय पुसत उभा राहतो, आत ये की धाडकन!"

इशबेल हसली, आणि हसता हसता तिला समोरचं दिसेनासं झालं.

"हात भितोय माझा, बाबा."

"आण ते इकडे." त्यांनी फिडल स्वतःच्या हनुवटीखाली घेतलं, बोटं तारांवर ठेवली. "स्वर माझे. गज तू ओढ, ती म्हणतेय तसा."

ती त्यांच्या उजवीकडे गुडघ्यांवर बसली. पहिल्या वळणावर गज करकरला. लॅखलन थांबले नाहीत. मग एक आखूड ओढ खाली, आणि तीन स्वर वरच्या एकाच ओढीत, शेवटचा झटक्यानं. त्या ठोक्यावर म्हाताऱ्याची टाच फरशीवर आपटली.

"उद्या मी एकटी वाजवणार नाही."

"मग दोन खुर्च्या मांडायला सांग," लॅखलन म्हणाले, "आणि अगदी चिकटून."